एक अकरा

बेळगावात ‘एक अकरा’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिन. तारखेबद्दल तरी दोन्ही बाजूंचं एकमत आहे. पण ऑनलाइन शीटमध्ये ०१/११ टाइप केलं आणि शीटचं लोकॅल, म्हणजे तारखा कुठल्या देशाच्या रीतीने वाचायच्या ती सेटिंग, अमेरिकेचं राहिलेलं असलं, की तिच्या लेखी ती ११ जानेवारी. १७/०१, आमचा हुतात्मा दिन, तेवढा बचावतो. सतरावा महिना अमेरिकेतही नाही, त्यामुळे शीट ती तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवून देते.

मला ही न मानलेली तारीख परवडते. ती सेलच्या डाव्या कडेला जाऊन बसते, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. नुसती नजर फिरवली तरी सापडते. घात करतात त्या बारापर्यंतच्या तारखा. निमूट उजवीकडे उभ्या, आणि महिना भलताच. त्यातून गल्लीत एखादा हौशी असतोच, जो ‘दिसायला बरं’ म्हणून सगळा कॉलम मधोमध आणून ठेवतो. संपला पुरावा!

महाराष्ट्रात सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला, आमची वैशाखात. म्हणजे चित्ररथाची तयारी, वर्गणी, ट्रॉलीचं भाडं, सगळं एप्रिल-मेच्या सांध्यावर. मंडळाची शीट परदेशातल्या कुणाच्या तरी पुतण्याने करून दिलेली, नोंदी टाकणारे इथल्याच अनगोळ, वडगावात आणि नोकरीपायी पुण्यात. ०५/०४ ला दिलेला ॲडव्हान्स मे महिन्यात जाऊन पडतो, ०४/०५ ला चुकतं केलेलं भाडं एप्रिलमध्ये येतं. क्रम लावला की आधी भाडं फिटतं, मग ॲडव्हान्स जातो. खजिनदार काका शांत. ‘‘बेरीज जुळतीय की रे!’’

शीटच्या पोटात तारीख नसतेच, आकडा असतो. ३० डिसेंबर १८९९ हा शून्य धरून मोजलेले दिवस. १ नोव्हेंबर २०२४ म्हणजे ४५५९७. वर दिसतो तो नुसता पोशाख. म्हणून आत ११ जानेवारीचा ४५३०२ जाऊन बसला असेल, तर फॉरमॅट कितीही बदला, तारीख ११ जानेवारीच राहणार. लोकॅलही नंतर बदलून उपयोग नाही, जुन्या नोंदी होत्या तशाच राहतात. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘इंडिया’ करायचं ते पहिली नोंद पडायच्या आत. एकाने केलं की त्या शीटपुरतं सगळ्यांना लागू. दाखवताना महिना मी अक्षरांत ठेवतो. २०२४-११-०१ ही आंतरराष्ट्रीय रीत जास्त शिस्तीची आहे, मान्य; पण वर्गणीच्या पावतीवर वर्षापासून तारीख लिहिणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचाय.

शिवाय तारखेच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे ‘इथे तारीखच हवी’ असा नियम, लावलं, की सेलवर डबल क्लिक केल्यावर छोटं कॅलेंडर उघडतं. टाइप करायची भानगडच नाही. काकांना ते फार आवडलं. दोन-चार महिने पुढे-मागे करून बघितले आणि म्हणाले, ‘‘झकास आहे की! पण यात तिथी कुठं बघायची?’’