देव्हाऱ्यातले नऊ रुपये

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी देव्हाऱ्याखालच्या डब्यात चांदीचे नऊ रुपये आहेत, आजीकडून आलेले. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात, हळदकुंकू लावून घेतात आणि परत फडक्यात. मध्यंतरी चांदीचे भाव चढायला लागले तसं दादा म्हणाला, आई विकून टाक, नाहीतरी पडूनच आहेत. म्हणून मी आणि आई जांभळी नाक्याला एका सराफाकडे गेलो, विकायला नाही हं, नुसतं विचारायला (असं आई म्हणत होती, पण पर्स पोटाशी अशी धरलेली की जणू मीच चोर).

सराफकाकांनी साल वाचलंच नाही. एकेक रुपया चिमटीत धरून काठावरून नख फिरवलं आणि दोन ढीग केले, पाच इकडे, चार तिकडे. "मावशी, ह्या चारात चांदी अर्धीच, लढाईतले आहेत." मी सालं बघितली तर चारही १९४४-४५ चे, सहाव्या जॉर्जचे, एकावर तर बारीक 'एल', म्हणजे लाहोरच्या टाकसाळीतला. जुन्या रुपयाच्या काठावर नुसत्या उभ्या रेघा असतात, ह्यांच्या रेघांच्या मधोमध खाच आहे आणि खाचेत नक्षी, खोटी नाणी पाडणाऱ्यांना जमू नये म्हणून. नखाला ती बरोब्बर लागते. घरी येऊन तासभर मी तेच करत बसलो.

मग ऑनलाइन एक छोटा काटा मागवला. गंमत अशी की वजन सगळ्यांचं ठरलेलं एकच, ११.६६ ग्रॅम. जुना तोळा म्हणजेच हे वजन, रुपया आणि तोळा एकच. आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांचा आणि त्यांचा हिशोब कधीच जुळत नाही. पण आधीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे जवळजवळ १०.७ ग्रॅम, आणि १९४० नंतरच्यात निम्मीच, ५.८३. बाकी तांबं, थोडं निकेल, थोडं जस्त. युद्धात लोकांनी चांदीचे रुपये दाबून ठेवले, चांदी पुरेना, सरकारला अमेरिकेकडून २२.६ कोटी औंस चांदी उसनी घ्यावी लागली. नंतर तर रुपया सरळ निकेलचाच झाला.

मला मात्र वेड लावलं ते पाचांच्या ढिगातल्या दोघांनी. एकावर १८४०, एकावर १८६२, दोन्ही व्हिक्टोरियाचे. मला वाटलं सालं सरळ आहेत. कसली सरळ! १८४० लिहिलेला रुपया पुढे वीसेक वर्षं तसाच पाडत होते आणि १८६२ चा १८७४ पर्यंत, साल बदलायचंच नाही. १८६२ च्या मागच्या बाजूला सालाच्या आसपास बारीक ठिपके असतात, कमीजास्त, त्यावरून संग्राहक प्रकार लावतात. रविवारी दुपारी भिंग घेऊन मी ते मोजत असतो आणि बायको म्हणते की घरचं लाइटबिल कधी एवढ्या बारकाईने बघितलं नाहीस. आणि १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हा उतरणाऱ्यांच्या कनवटीला हेच १८४० वाले असणार, हा विचार आला की स्टेशनच्या गर्दीत पण जरा बरं वाटतं.

आता माझी चूक सांगतो. पाचव्या जॉर्जचा एक रुपया काळा पडला होता, तो मी चिंच-मीठ लावून खसाखसा घासला. झाला की चकचकीत! एका प्रदर्शनात दाखवला तर समोरच्याने भिंगातून बघून नुसता परत ठेवला. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंगच संग्राहकांना हवा असतो आणि मी तो घासून वर बारीक ओरखडे पाडले होते. म्हणून १८६२ वाल्याला हातच लावला नाही, राणीच्या वेणीच्या खोबणीत कुंकू अजून बसलंय.

विकले नाहीतच. नऊच्या नऊ प्लॅस्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये घातले, फार कौतुकाने. ह्या दिवाळीला आईने ताट मांडलं, कुंकवाचा करंडा उघडला आणि मला हाक मारली, "अरे, ह्या राणीच्या डबीचं झाकण कसं निघतं?"