तुम्ही विचारलंत म्हणून: नाटकाने तळं भरतं का?

"तिकडे लोकांना खायची मारामार आणि तुम्ही नाटकं काय करत होतात?" पुण्याला गेले की हे कुणी ना कुणी विचारतंच, परवा आत्यानेही विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मी २०१७ला आफ्रिकेत, मलावी देशात झोंबा शहरात होते (हो, नाव असंच आहे, हसून घ्या). तिथून चिल्वा तळं जवळ. अवाढव्य पण उथळ, नद्या येऊन मिळतात पण बाहेर एकही जात नाही, पाणी जातं ते नुसतं वाफ होऊन, त्यामुळे दोन-तीन पावसाळे चुकले की तळ दिसायला लागतो. १९६८ला आटलं होतं, १९९५ला परत. पाणी हटलं की मातेम्बा, मकुम्बा सगळी मासळी जाते, मग माणसं डोंगरात जाऊन भट्ट्या लावून कोळसा पाडतात, आणि त्या बोडक्या डोंगराची माती पुढच्या पावसात तळ्यातच येते.

तळ्याकाठच्या गावात आमच्या गटाने केलेलं पहिलं नाटक म्हणजे शुद्ध उपदेश. झाडं तोडू नका, बारीक छिद्रांची जाळी वापरू नका वगैरे. टाळ्या पडल्या, गाणी झाली, लोक घरी गेले. आफ्रिकेत हे आधी होऊन गेलेलं, बोट्स्वानात १९७४ला 'लाएद्झा बातानानी' ही नाटकातून गावाचे प्रश्न मांडायची मोहीम सुरू झाली तेव्हापासून वाद हाच की विषय गाव ठरवणार की बाहेरून आलेले शहाणे. आम्ही शहाण्यांतले.

पुढच्या वेळी प्रसंग मध्येच थांबवला आणि विचारलं, आता पुढे काय होईल, कोण करून दाखवतं? ही ब्राझीलचा नाटककार ऑगस्तो बोआल याची पद्धत, प्रेक्षकालाच नट करायची. मासे वाळवून विकणारी एक बाई उठली, तळ्याच्या कमिटीचा चेअरमन झाली, पोट पुढे काढून म्हणाली, "दिवसा मी जाळी जप्त करतो, रात्री तीच घेऊन माझा पुतण्या तळ्यात जातो." माझं चिचेवा कामचलाऊ, मला अर्थ कळेपर्यंत अख्खं गाव लोळत होतं. म्फुमू, म्हणजे गावप्रमुख, पुढेच बसलेले, आणि चेअरमनही. हीच बाई सकाळच्या मीटिंगला दोन तास तोंड मिटून होती! सोंगाड्या राजाला काहीही बोलतो, चालतं ना, तसंच.

मग एकजण कोळसेवाला झाला. "बरं, नाही तोडत झाडं. उद्याचं पीठ कुठून आणू?" फॉरेस्ट गार्ड झालेला आमचा नट गप्प. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही येत, आणि त्या प्रश्नाला आमच्याकडे खरंच उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तर आत्या, तळं काही भरलं नाही. २०१८ला आटलंच, पाऊसच नाही तर नाटक काय करणार. पण त्याआधी एका दुपारी कमिटीने जप्त केलेली जाळी आंब्याखाली सगळ्यांसमोर मोजून जाळली, आणि मोजायला ती मासेवाली बाई होती. पुतण्या त्या दिवशी फिरकला नाही.