पैसे येतात, मग अडतात कुठे?

लग्नाच्या पंगतीत, बाजारात, काजूच्या बागेत, कुणी ना कुणी मला गाठून हेच विचारतं: "वहिनी, तुम्ही पाच वर्षं ग्रामपंचायतीत पंच होता. सरकार एवढा निधी देतं म्हणतात, मग तो आमच्या वाड्यावर का पोचत नाही?" गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पावसात दारावरून व्हाळ वाहतो आणि मे महिन्यात त्याच दारात टँकरची वाट बघावी लागते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पैसा एका थैलीतून येत नाही आणि प्रत्येक थैलीला वेगळी गाठ असते. घरपट्टी आणि परवान्यांची फी ही पंचायतीची स्वतःची कमाई, पण डोंगराकडच्या आमच्या गावात ती पगार आणि दिवाबत्तीतच संपायची. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पण तो सगळ्या मतदारसंघाचा वाटा. शिवाय त्यातून देवळाच्या आवारात मंडप बांधता येत नाही. लोक रागावतात, मला मात्र ही अट योग्य वाटते. खाणपट्ट्यासाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज निधी आला. राहिला केंद्राचा वित्त आयोग. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना घालून दिलं, की अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपली गरज बघायची. आणि आमच्या ग्रामसभेत मागणी कशाची? हॉलची. पाण्याचे पैसे हाताशी असताना पाण्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

आमच्या वाड्यावर एक झर आहे. आटत नाही, पण गुरं उतरतात, पाणी गढूळ होतं. पहिल्या वर्षी मी ग्रामसभेत उभी राहून बोलले, आणि इतिवृत्तात ओळ आली: "वाड्याचा विकास करण्यात यावा." झालं. त्या ओळीवरून कुठला अभियंता अंदाजपत्रक काढणार? दुसऱ्या वर्षी आम्ही चारजणी टेप घेऊन झरीवर गेलो. झरीपासून पिंपळाच्या पारापर्यंत अंतर मोजलं, कागदावर उतरवलं, आणि ठरावात तसंच घालायला लावलं: झरीला चिऱ्याचा बांध, वर झाकण, पाराकडे टाकी, एवढे मीटर पाईप. मग अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मंजुरीही आली.

आणि काम थांबलं.

झरीची जमीन पंचायतीची नव्हती. जमीन कुणाच्या नावावर ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा काढला तर त्यावर नऊ नावं. दोघे वारलेले, एक मुंबईला. ना हरकत दाखल्याशिवाय सरकारी पैसा खाजगी जमिनीवर लागत नाही, आणि सत्तरीत जमिनीचा गुंता काय आहे तो तुम्हाला मी काय सांगू! सचिव म्हणाले, सह्या आणा. वारलेल्यांच्या मुलांना भेटलो. मुंबईवाल्यांना फोन केला तर म्हणाले, चतुर्थीला येतो तेव्हा बघू. आम्ही चतुर्थीपर्यंत थांबलो. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधून झाली होती, तेव्हा त्यांच्या ओट्यावर बसून सही घेतली. ते म्हणाले, "त्या झरीचं पाणी पिऊनच मी वाढलो गो." दसऱ्यानंतर चिरे येऊन पडले.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. गोव्यात ग्रामसभेच्या नेहमीच्या बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या रविवारी असतात. एप्रिलमध्ये आम्ही काजूवर, जुलैमध्ये लावणीत. ज्यांना पाणी हवं त्या बायका शेतात, आणि सभेत हॉल मागणारे. म्हणून मी वाड्यावाड्यावर सांगत फिरते, की घरातली एक तरी बाई त्या दिवशी बागेतून लवकर खाली उतरू दे. गावाचा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो, शिकल्या मुलाला मोबाईलवर उघडायला सांगा. आपल्या वाड्याचं नाव त्यात नसेल तर त्या वर्षी वित्त आयोगाच्या पैशांतून काही व्हायचं नाही.

परवा केरीच्या बसमध्ये एका मुलीने हाच प्रश्न विचारला. त्यांच्या वाटेवरचा साकव, म्हणजे छोटा पूल, मोडलाय, शाळेची पोरं व्हाळातून जातात. मी तिला विचारलं, साकव किती लांब, दोन्ही काठ कुणाच्या नावावर? तिला माहीत नव्हतं. येत्या रविवारी टेप घेऊन तिच्याकडे जाणार आहे.