ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो): नाल्याची वाट सोडा, भरतीची वेळ धरा

"नाल्याच्या कडेने सरळ चालत राहा, खाडी येतेच," असं आम्हाला वाशीत छातीठोकपणे सांगण्यात आलं. येत नाही. नाला येतो धारण तलावाला, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तलावाला, तलावाच्या टोकाला उघाडी, म्हणजे झडपांचं दार, आणि तिच्यापुढे तिवरांचं (खारफुटीचं) रान. तिथला शेवटचा पट्टा म्हणजे निव्वळ चिखल. पाय पोटरीपर्यंत रुततो, बूट आतच राहतो, तिवरांची वर आलेली मुळं तळव्याला टोचतात. शंभर पावलांना अर्धा तास लागला आणि खाडीचं दर्शन नाहीच. कितीही चांगले बूट असोत, या वाटेला जाऊ नका. आपल्या पायांखाली ती मुळंही मोडतात.

उघाडी मात्र अलीकडच्या बांधावरून जरूर बघा. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून डच पद्धतीने हे तलाव बांधले. भरतीच्या दाबाने झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी नुकतीच लागली होती. झडपेच्या फटीतून काळं पाणी आणि प्लास्टिकच्या बाटल्या बाहेर पडत होत्या, आणि तोंडाशीच एक बगळा मासे टिपत उभा होता. शहराचं हे पाणी जातं त्याच खाडीत, जिथे 2015 पासून ऐरोली ते वाशी 1,690 हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि जी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तलावांत गाळ साचून तिवरं उगवली, आता ती काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते.

माणसाने केलेलं पाणी वाईटच असतं असं नाही. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, बंधाऱ्यामुळेच तयार झालं. पण खाडीकाठी पाणी खेळतं हवं. नेरूळच्या डीपीएस तलावात भरती यायची वाट बुजली, शेवाळ माजलं आणि रोहित निघून गेले. 2025 मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मंजुरी मिळाली, हे फार चांगलं झालं. पण कागदाने रोहित येत नाहीत. पाण्याची तोंडं मोकळी राहिली पाहिजेत.

बोटीबद्दल सांगतो. एका धक्क्यावर खाजगी होडीवाल्याने माणशी दर ठरवला, मध्यावर "पुढे जायचं तर वेगळे" म्हणाला आणि नकार देताच होडी वळवली. पक्षी दिसले ते दूर, गुलाबी रेघेसारखे. सरळ ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाची बोट आधी आरक्षित करा. तिच्या फेऱ्या भरतीप्रमाणे बदलतात.

ती फेरी छान झाली, त्यावर जास्त लिहीत नाही.

जायचं जानेवारी ते मार्च. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलावर चरतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, तेव्हा ते विसाव्याला नेरूळकडच्या, पाणी खेळतं अशा पाणथळींकडे येतात. पौर्णिमा-अमावस्येला मुंबईत दिवसाची भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते, म्हणजे डोक्यावर ऊन. अष्टमीच्या आसपास ती संध्याकाळकडे सरकते, पण तेव्हाचं, म्हणजे भांगाचं, पाणी कमी चढतं. मी उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येचा, दिवसच निवडेन. टोपी, दुर्बीण आणि भरपूर पाणी घ्या, रिक्षा परतीसकट ठरवा.