नुसत्या भुरभुरीला लाईट का जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. दर जूनला हा प्रश्न येतोच, परवा आमच्या भाजीवाल्या मावशींनीही विचारलं, ताई, मुसळधार पावसात लाईट टिकते आणि पहिल्या भुरभुरीलाच जाते ती कशी, आणि तुमच्या लोकांना आधी कळत नाही का?

मी कोकणात किनाऱ्याजवळच्या हायव्होल्टेज लाईन्सच्या मेंटेनन्सला बरीच वर्षं काढलीत. तारेतली वीज टॉवरमध्ये उतरू नये म्हणून टॉवरवर चिनीमातीच्या डिस्कची माळ (इन्सुलेटर) लटकलेली असते ना, तिच्यावर दिवाळीपासून मेपर्यंत खारा वारा आणि लाल धूळ बसत राहते. सुकं मीठ काही करत नाही, त्यातून वीज जातच नाही. दव, धुकं किंवा भुरभुर पडली की तो थर भिजतो आणि करंट पृष्ठभागावरून सरकायला लागतो. मोठा पाऊस तोच थर धुऊन नेतो, म्हणून उलट दिसतं.

पुढचं तर मला अजूनही बघत बसावंसं वाटतं. करंटने थर तापतो, जिथे करंट दाटीने जातो तिथला पट्टा आधी सुकतो, मग जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या बोटभर सुक्या पट्ट्यावर येतं आणि तिथे ठिणगी उडते, चर्र चर्र आवाज, निळसर उजेड. ठिणगीपुढे उरलेला ओला थर तिला करंट देतो. ती लांबली की ओला थर कमी उरतो, म्हणजे अडथळा कमी, म्हणजे आणखी करंट, पण लांब ठिणगी टिकवायला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि आपल्या एसी लाईनमध्ये तर करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, दर वेळी तिला पुन्हा पेटावं लागतं. बहुतेक विझतात. एखादी टोकापर्यंत पोचते, तोच फ्लॅशओव्हर, मग लाईन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. ही रस्सीखेच ओबेनाउस या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये गणितात बसवली, आजचे बरेच अंदाज त्याच पायावर उभे आहेत.

मग कळत का नाही? मीठ मोजता येतं हो. डिस्क डिस्टिल्ड वॉटरने पुसून घ्यायची, त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातून वीज किती सहज जाते, ते बघायचं, दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम मीठ बसलंय ते निघतं. पण मीठ दुप्पट झालं म्हणून डिस्कची व्होल्टेज पेलायची ताकद निम्मी होत नाही, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. खरी मेख भिजण्यात आहे. रात्री डिस्क हवेपेक्षा गार पडते, त्यामुळे पहाटे दव नक्की किती धरणार, वारा पडणार की नाही, हे त्या एका टॉवरसाठी सांगणं फार अवघड. पृष्ठभागावरून सरकणाऱ्या करंटच्या (लीकेज करंट) उसळ्या वाढल्या की धोका जवळ आलाय हे समजतं, पण प्रत्येक टॉवरवर मीटर कुठून आणणार?

म्हणून आम्ही मिनिट सांगू शकत नाही, आठवडा सांगू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की तेवढा अंदाज पुरतो, जर त्यावर वेळेत काम केलं तर. मेमध्ये शटडाऊन घेऊन डिस्क धुतो तो याचसाठी, तेव्हा उकाड्यात तुमचे हाल होतात ते मला माहितीये. नवीन लाईन असेल तर माळेच्या पृष्ठभागावरून करंटला जायची वाटच लांब ठेवायची, २२० केव्हीच्या (२ लाख २० हजार व्होल्टच्या) लाईनला स्वच्छ हवेत सुमारे ३.९ मीटर चालते, अगदी खारट किनाऱ्यावर ७.६ मीटर लागते. नाहीतर सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर, त्यावर पाणी पसरत नाही, अळवाच्या पानासारखे थेंब राहतात. उत्तरेत जानेवारीच्या धुक्यात लाईन्स ट्रिप व्हायच्या, तिथे असे खूप बसवलेत.

आणि हो, पहाटे एखाद्या खांबावर चरचर ऐकू आली किंवा निळा उजेड दिसला तर जवळ जाऊ नका, जमलं तर लांबूनच खांबाचा नंबर आणि वेळ टिपून सबस्टेशनला फोन करा. असे दोन-तीन फोन आले की कुठला भाग आधी धुवायचा ते आम्हाला कळतं.