केबलवाल्याचं दशक

१९९० नंतरच्या दहा वर्षांत टीव्ही कसा बदलला हे सांगायला बसलं की लोक उपग्रहापासून सुरुवात करतात. आखाती युद्ध, सीएनएन, हाँगकाँगहून आलेला स्टार, मग २ ऑक्टोबर १९९२ ला झी. (मुंबई दूरदर्शनही २ ऑक्टोबरचंच, फक्त वीस वर्षं आधीचं. गांधीजींना दोन्हींपैकी काय चाललं असतं, कोण जाणे.) सगळं खरं. पण आमच्या गल्लीत काही उपग्रह आला नाही. आला तो केबलवाला.

खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं आणि हातात पक्कड. या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये नारळ आला तर नारळाला वेढा देऊन, स्वारी पुढे. परवानगी कुणाची, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. केबलचा कायदा झाला १९९५ मध्ये. तोवर गावभर जाळं विणून झालं होतं. आणि त्या कायद्याने केबलवाल्याला नोंदणीसाठी कुठे पाठवावं? मुख्य पोस्टात! एके काळी रेडिओचं लायसन पोस्टातच मिळायचं, ती परंपरा सरकारने इमानाने पाळली.

त्याआधी टीव्ही वेळापत्रकाने बघायची गोष्ट होती. दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ लागायची. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार, एवढंच सांगणारा कार्यक्रम, आणि माणसं तोही चवीने बघायची. ‘गजरा’ कधी, नाटक कधी, शनिवारचा मराठी सिनेमा कोणता, हे कळलं की पाहुण्यांना कधी बोलवायचं आणि कधी नाही ते ठरायचं. केबल आली आणि असली साप्ताहिकी करणं कुणाच्या बापाला शक्य राहिलं नाही.

कारण चॅनेल कुठे लागणार हे रोज बदलायचं आणि ते बदलणारा होता आमचा केबलवाला. जुन्या सेटला बटणं मोजकी. त्यात कुणाला बसवायचं आणि कुणाला वर ढकलायचं, हे त्याच्या मर्जीवर. दूरदर्शनचे निदान दोन चॅनेल दाखवायची कायद्याने सक्ती होती. ती तो पाळायचा, पण पार शेवटच्या बटणावर, मुंग्यांसकट. क्रिकेटच्या दिवशी मात्र खेळाचा चॅनेल आपसूक एक नंबरवर यायचा. प्रेक्षकांची नाडी बघायला त्याला कुठलं सर्वेक्षण लागत नव्हतं. दुपारी चॅनेल गेला की पाच मिनिटांत घरी किती फोन येतात, त्यावरून त्याला सगळं कळायचं.

त्याचा स्वतःचाही एक चॅनेल होता, आणि माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात अस्सल टीव्ही तोच. दुपारी मराठी सिनेमा, रात्री नवाकोरा हिंदी, दोन्ही व्हीसीआरवरून. (तो कुठून आणायचा हे विचारायचं नसतं.) खाली सरकणारी पट्टी: साड्यांचा सेल, दहावीचे क्लासेस, ‘ग्राहकांनी थकीत बिल भरावे’. गणपतीत गल्लीतल्या मिरवणुकीची कॅसेट लागायची आणि आपली आत्या दोन सेकंद दिसते म्हणून अख्खं घर तासभर बसायचं.

दशक संपता संपता मराठीतही गर्दी झाली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, त्यावर ‘आभाळमाया’. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीने ‘सह्याद्री’ हे नाव घेतलं तेही त्याच वर्षी. आणि जुलै २००० मध्ये अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन रात्री नऊ वाजता घराघरांत येऊन बसले. जेवणं एक तर साडेआठला उरकायची, नाही तर टीव्हीसमोर.

इथे मात्र केबलवाल्याचं राज्य डळमळलं. आता एखादा चॅनेल बंद ठेवायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि त्याच्याकडून पैसे घेणारे चॅनेल हे ओळखून होते. महिन्याच्या वसुलीला येणारा मुलगा दारातच मान खाली घालून म्हणायचा, “वरून वाढवलेत, काकू.”

आई पर्स उघडायची नाही. “वाढवलेत ना? मग सह्याद्रीला मुंग्या येतात, त्याचे आधी वजा कर.”