कॅबझॉनचे डायनासोर: पोटात दुकान, जबड्यात गच्ची

लॉस एंजेलिसहून आय-१० महामार्गाने पूर्वेला निघालं की साधारण १४५ किलोमीटरवर, पाम स्प्रिंग्सच्या थोडं अलीकडे, कॅबझॉन लागतं. गाव एवढंसं. उजव्या हाताला सॅन हसिंटोचा ३,३०२ मीटरचा डोंगर, डावीकडे त्याहून उंच सॅन गोर्गोनियो, आणि मधल्या चिंचोळ्या खिंडीतून महामार्ग, रेल्वे आणि वारा असे तिघेही जातात. या खिंडीत महामार्गाच्या उत्तरेला काँक्रीटचे दोन डायनासोर उभे आहेत. लांब मानेचा तो डिनी, दोन पायांवरचा तो मिस्टर रेक्स.

पुढ्यात फास्ट फूडची दुकानं झाल्यामुळे महामार्गावरून डायनासोर नीट दिसत नाहीत. डोकी दिसेपर्यंत एक्झिट मागे पडलेला असतो. म्हणून डायनासोर शोधत बसू नका, मेन स्ट्रीटची पाटी बघा. तिथे उतरून महामार्ग ओलांडला की सेमिनोल ड्राइव्ह हा रस्ता. शुक्रवारी दुपारनंतर पूर्वेकडे आणि रविवारी संध्याकाळी परतीच्या दिशेला गाड्यांची रांग लागते. एप्रिलमध्ये इंडिओच्या संगीत महोत्सवाचे शनिवार-रविवार तर टाळाच.

गाडी लावताना तिचं तोंड पश्चिमेला ठेवा. पूर्वेकडचं वाळवंट तापून हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडची थंड हवा या खिंडीतून आत घुसते. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तेही दुपार कलल्यावर, वारा सगळ्यात जास्त. आजूबाजूला पवनचक्क्यांचं रान उगाच उभं राहिलेलं नाही. गाडीची पाठ वाऱ्याकडे असेल तर दार उघडताक्षणी हातातून सुटतं आणि बिजागरीवर जातं. तोंड वाऱ्याकडे असेल तर दार फार तर पायावर आपटेल, तेवढं परवडतं. टोपीला बांधायला पट्टा हवा, आणि मोबाइलचा हलका ट्रायपॉड गाडीतच राहू दे.

हे सगळं उभं केलं क्लॉड बेल या शिल्पकाराने. नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात पुतळे आणि व्यक्तिचित्रं करणारा हा माणूस. १९५८मध्ये त्याने इथे व्हील इन नावाचं खाणावळवजा रेस्टॉरंट काढलं. गिऱ्हाइकाने महामार्गावरून खाली उतरावं यासाठी १९६४मध्ये डिनीचं काम सुरू केलं आणि ते संपायला १९७५ उजाडलं. लहानपणी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पाहिलेली हत्तीच्या आकाराची इमारत, लुसी, त्याच्या डोक्यात होती. डिनी ४५ मीटर लांब, सुमारे १४ मीटर उंच, वजन १५० टन. रेक्स १९८१चा; उंची २० मीटर, वजन १०० टन. रात्री डिनीचे डोळे चमकावेत आणि तोंडातून आग निघावी असाही बेत होता. तिसरा प्राणी म्हणून केसाळ मॅमथ ठरला होता, पण १९८८मध्ये बेल गेला आणि तो कागदावरच राहिला. व्हील इनही २०१३मध्ये बंद झालं. जाहिरात उरली, दुकान गेलं.

बांधकाम समजून घ्यायचं तर आपल्याकडची कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काटक्या, त्यांवर शेणमातीचा लेप. इथे काटक्यांच्या जागी पोलादी सांगाडा. त्यातलं बरंचसं सामान शेजारी चाललेल्या महामार्गाच्या कामातून उरलेलं. सांगाड्यावर प्राण्याच्या आकारात वळवलेली धातूची जाळी, आणि तिच्यावर पाइपातून दाबाने मारलेलं काँक्रीट, म्हणजे शॉटक्रीट. यात शटरिंग लागत नाही, म्हणून मानेसारखा गोलवा साधतो. पण हे काम कारागिराच्या हातावर चालतं. नोझल तिरकं धरलं की माल उसळून खाली पडतो आणि सळईच्या पाठीमागे पोकळी राहते. वाळवंटात दिवस तापतो, रात्र गारठते, त्यामुळे लेपाला केसासारख्या भेगा जातात. भेगेतून पाणी शिरलं की सळई गंजते, फुगते आणि वरचा लेप आतून ढकलते. अशा कुठल्याही बांधकामावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. घट्ट ठिकाणी आवाज बसका येतो, लेप सुटला असेल तिथे रिकाम्या डब्यासारखा. रंग वारंवार द्यावा लागतो तोही उन्हामुळेच. हल्ली सणासुदीला रेक्सला सांताक्लॉजसारखे वेषही रंगवतात. गंमत आहे, पण मला साधा रंगच आवडतो.

विज्ञानाच्या नजरेने बघाल तर दोघेही जुन्या वळणाचे. रेक्स कांगारूसारखा शेपटी टेकून ताठ उभा आहे. खरा टी. रेक्स पाठ आडवी ठेवून, शेपटी हवेत तोलून चालायचा. लांबी साधारण १२ मीटर. डिनी हा अपॅटोसॉरस. खऱ्याची लांबी २१-२३ मीटर, म्हणजे हा जवळपास दुप्पट. मुलांना इथे एक हिशोब घालायला हरकत नाही. अपॅटोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी. रेक्स ६.६ ते ६.८ कोटींच्या आसपासचा. रेक्सला आपल्यापेक्षा त्याचा हा शेजारीच जास्त लांबचा.

डिनीच्या पोटात खेळणी आणि भेटवस्तूंचं दुकान आहे, तिथे आणि आजूबाजूला फिरायला पैसे पडत नाहीत. १९९०च्या दशकात मालकी बदलल्यानंतर इथे उत्क्रांती नाकारणारं, सृष्टी देवानेच घडवली असं मांडणारं प्रदर्शनही होतं. डायनासोरच्या पोटातच, हे विशेष. तिकीट लागतं ते मागच्या बागेला आणि रेक्सच्या तोंडापर्यंत चढायला. बागेतले लहान डायनासोर मुलं बरोबर नसतील तर सोडून द्या, रेक्स मात्र चढा. जिना अरुंद आहे, वरून कुणी उतरत असेल तर खालीच थांबावं. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा गेला की आत भट्टी होते, तेव्हा सकाळीच आटपा. वर जबड्यात उभं राहून दातांच्या फटीतून डिनीची पाठ आणि पलीकडची खिंड दिसते.

फोटो दक्षिणेकडून काढा, ऊन प्राण्यांच्या अंगावर येतं. मोबाइलच्या वाइड लेन्सने डिनीच्या अगदी जवळ गेलात तर पाय हत्तीएवढे आणि डोकं कोंबडीएवढं येतं. शंभर पावलं मागे जा आणि माप कळायला कुणाला तरी पुढच्या पायाशी उभं करा. निघताना रेक्सच्या शेपटीकडे एक नजर टाका. बेलने तिच्यात घसरगुंडी केली होती. नंतर ती काँक्रीट भरून बुजवली.